मुळातून फुटलेलं हिरवं

६ मार्च

लांब रंगीत पानांच्या शोभेच्या ड्रॅसिनाच्या माझ्या त्रेचाळीस कुंड्या, त्यातल्या सहा ड्रॅसिनाच नाहीत म्हणे! आणि हे मला सांगणार कोण, तर बारकी. बारकी म्हणजे माझी नात, मुलाची मुलगी, वय एकोणीस. परवापर्यंत कांद्याची पात आणि लसणाची पात हिला वेगळी कळत नव्हती. पानासमोर फोन धरायचा, फोन काहीतरी बोलतो, की लगेच ही तोंड वर करून मला शिकवणार.

"आजी, ही कॉर्डिलाइन. ड्रॅसिनाच्या नात्यातली आहे, पण ड्रॅसिना नव्हे."

"मग तिला पाणीही फोनलाच घालायला सांग."

हसली. हिला बोललेलं लागत नाही, हाच हिचा दोष.

ही वही तिनेच आणली. ऑक्टोबरमध्ये आमच्या झाडांच्या मंडळाचं प्रदर्शन आहे. तोवर प्रत्येक कुंडीची नोंद पाहिजे, कुठून आली, पान कसं, पाणी किती. मी म्हटलं, तू लिही. ती म्हणाली, तुझ्या डोक्यातलं मी कसं लिहू? चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला वही देणं म्हणजे माशाला सायकल देणं. पण लिहिते. कोणी वाचायची नाही.

प्रदर्शनात माझं टेबल असतं. लोक घरून एकेक पान तोडून आणतात, मी बघते आणि सांगते कुठली जात. आठ वर्षं सांगते आहे. एकदाही अडखळले नाही.

९ मार्च

सकाळी नर्सरीवाल्याकडे गेले. कॉर्डिलाइनचं विचारलं, जणू दुसऱ्याच कोणासाठी विचारते आहे. तो म्हणाला, "आजी, सोपं आहे. मूळ नखाने खरवडा. आतून नारिंगी-पिवळं निघालं तर ड्रॅसिना. पांढरं निघालं तर दुसरी."

घरी येऊन सहाही कुंड्या बाल्कनीत उलट्या केल्या. सून म्हणाली, "अहो आई, आत्ताच फरशी पुसली होती." पुसली तर पुसली, परत पुसता येते.

सहाही पांढरी.

त्यातल्या तिघींच्या फांद्या मी स्वतः मंडळातल्या बायकांना 'लाल ड्रॅसिना' म्हणून कापून दिल्या आहेत. बारकीला सांगितलं, यांना वेगळ्या रांगेत ठेव, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. पाहुण्यांची रांग म्हणायची. टाकून नाही द्यायच्या, त्यांचा काय दोष.

१७ मार्च

यादीचं काम सुरू आहे. बारकी पुस्तकी नावं लिहिते, मी घरची सांगते. पांढऱ्या पट्ट्यांची ती पांढरपट्टी. पिवळट हिरव्या काठाची लिंबोणी. रुंद पानांची, मधोमध पिवळा पट्टा, ती मक्याचं पान. जिच्यावर कोणी ब्रश झटकल्यासारखे ठिपके आहेत ती शिंतोडी. आणि सगळ्यांत वरची गुलाबकाठी. अंगठ्याएवढं खोड, वर अरुंद पानांचा झुबका, प्रत्येक पानाला हिरव्याशेजारी साय, आणि सायीशेजारी गुलाबी काठ. उजेडात ठेवली तर काठ पेटतो. सावलीत ठेवली तर रुसते.

बारकी म्हणाली, "आजी, नावं कसली भारी आहेत. तू ठेवलीस?"

"घरातलीच आहेत," मी म्हटलं.

घरातलीच आहेत. त्यात खोटं काही नाही.

२ एप्रिल

आज दाढ काढली. खुर्चीत आडवी, तोंड उघडं, दोन बोटं आणि चिमटा आत. आणि समोर खिडकीत काय, तर शिंतोडीची अशी फांदी की ठिपके नाहीतच, पान जवळजवळ सगळं सायीच्या रंगाचं, हिरवं नुसतं शिंपडल्यासारखं. उलट शिंतोडी! मी हात वर केला. दातांचे डॉक्टर म्हणाले, "दुखतंय?" मी मान हलवली. "मग?" मी बोटाने खिडकी दाखवली. त्यांना वाटलं ऊन येतंय. पडदा ओढला. शुद्ध गाढवपणा.

बाहेर आल्यावर तोंडात कापूस धरून त्यांच्या मदतनीस मुलीला कटिंग मागितलं. तिला एक अक्षर कळलं नाही. बरोबर आलेल्या बारकीने भाषांतर केलं. मुलगी म्हणाली, डॉक्टरांना विचारावं लागेल. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आजी, एका दाढेच्या बदल्यात एक फांदी. चालेल?" 

चव्वेचाळीस झाल्या. म्हणजे अडतीस. सहा पाहुण्या वजा.

१९ एप्रिल

बारकीने माझ्या वाढदिवसाला मोठी निळी चिनी कुंडी आणली, चकचकीत. गुलाबकाठी तिच्यात हलवली. प्रदर्शनात मधोमध ही ठेवायची. कुंडीला खाली भोक नाही. बारकी म्हणाली, "पाणी जपून घाल." मी म्हटलं, मला शिकवू नकोस. मला माझ्या झाडाची तहान कळते.

११ मे

गुलाबकाठी गेली.

चार दिवस पानं लोंबत होती. मला वाटलं उन्हाने, म्हणून आणखी पाणी घातलं. आज खोड चिमटीत धरलं तर उकडलेल्या बटाट्यासारखं दबलं. वास. कापत कापत वर गेले, की वरचा झुबका तरी लावता येईल. पण कूज पार वरपर्यंत. चाकू प्रत्येक वेळी तपकिरीच. शेवटी हातात नुसती पानं राहिली. खोड मातीच्या खाली दोन बोटं कापून टाकलं. मुळं तेवढी घट्ट वाटली, ती ठेवली. जुन्या मातीच्या कुंडीत परत लावली. कशाला, माहीत नाही. कुंडी मोकळी ठेवायची सवय नाही म्हणून.

सून म्हणाली, "दुसरी आणा." जसं काही चमचा हरवला आहे.

ही माझी दुसरी गुलाबकाठी. पहिलीचंही लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

आठ वर्षांपूर्वी मी लेकीच्या बाळंतपणाला साडेतीन महिने तिच्याकडे गेले. झाडं वन्संच्या हवाली केली. वन्सं म्हणजे माझी नणंद, यांची थोरली बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. टपाल कचेरीत नोकरी, आणि राहायच्या आमच्याकडेच, मागच्या खोलीत. झाडांचा नाद मूळचा त्यांचा, घरची नावंही त्यांचीच. मी त्यांचं बघून नादी लागले.

परत आले तर गुलाबकाठीच्या कुंडीत बोटबोटभर कोंब, साधे हिरवे. काठ नाही, साय नाही. कोणाच्याही जिन्यात असतं तसलं. मी म्हटलं, माझं झाड कुठे? वन्सं म्हणाल्या, "खोड कुजलं. मी कापलं. हे मुळातून आलं." मी म्हटलं, गुलाबकाठीच्या मुळातून हिरवं कसं येईल? माणसाच्या पोटी माणूसच येतं ना? त्या म्हणाल्या, "मला नाही माहीत कसं. पण आलं." आणि पंधरा दिवसांनी त्यांच्या कचेरीतल्या मैत्रिणीच्या बाल्कनीत मी माझ्या डोळ्यांनी गुलाबकाठी पाहिली.

मग मी काय समजायचं? झाड उचलून मैत्रिणीला दिलं आणि कुंडीत जिन्यातलं खुपसलं. मी हे घरात बोलले आणि मंडळाच्या सभेतही बोलले. सगळ्यांना पटलं, कारण तसंच दिसत होतं. त्यांना मंडळातून काढलं. महिन्याभरात त्या खोली सोडून गेल्या. हे काही बोलले नाहीत. हे कधीच काही बोलायचे नाहीत. गेले तेव्हाही न बोलता गेले, आणि वन्सं त्या दिवशी दाराशी उभ्या राहून, आत न येता परत गेल्या.

टेबल तेव्हा वन्संचं होतं. ते रिकामं झालं. कोणीतरी बसायलाच हवं होतं.

३० मे

उलट शिंतोडीला मूळ फुटलं. बाकी काही नाही.

२८ जून

आज माझ्या हातून वाईट झालं.

सकाळी मातीच्या कुंडीत बघते तर चार कोंब, बोटभर. हिरवे. साधे हिरवे. मी ओरडलेच, "या कुंडीला कोणी हात लावला?" बारकी दात घासत आली. मी म्हटलं, "माझं मूळ उपटून हे काय खुपसलंस? गंमत करतेस म्हातारीची?" ती म्हणाली, "आजी, मी कशाला करू?" मी म्हटलं, "मग काय आपोआप आलं?" तिने तोंडाचा फेस पुसला. मग बॅग उचलून कॉलेजला गेली, न खाता. जिला बोललेलं लागत नाही ती.

सून म्हणाली, "आई, तिने खरंच काही केलं नसेल." मी म्हटलं, तुझी मुलगी आहे, तू असंच म्हणणार.

मग मी खाली बसले आणि कोंब कुठून आला ते बघायला बोटाने माती उकरली. कोंब खाली गेला, पांढुरका झाला, आणि एका जुन्या मुळाला चिकटला. मी ते मूळ नखाने खरवडलं.

नारिंगी.

दुसरा कोंब उकरला. तोही त्याच मुळावर. तिसराही.

२९ जून

काही लिहायचं नाही.

१ जुलै

बारकीशी बोलले. म्हणजे, तिच्या डब्यात तिला आवडतं ते भरलं. तिने संध्याकाळी रिकामा डबा दाखवला. झालं आमचं.

३ जुलै

तरी खात्री केलेली बरी, म्हणून नर्सरीवाल्याकडे कुंडी घेऊन गेले. त्याने कोंब पाहिला, हसला. "आजी, हे असंच होतं. या जातीचा रंग वरवरच्या थरात असतो, खोडाच्या फांदीबरोबर चालत येतो. मूळ आतल्या थरातून फुटतं, त्याला रंगाचा पत्ताच नसतो. मुळातून आलं की हिरवंच. म्हणून आम्ही रंगीत झाड मुळावरून कधी वाढवत नाही."

"नेहमी?"

"बहुतेक नेहमीच."

"हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"अहो, वडिलांच्या वेळपासून."

आठ वर्षं या माणसाकडून खत नेते आहे. दर महिन्याला. एकदाही विचारलं नाही. कारण मला माहीत होतं ना.

आणि ती मैत्रिणीच्या बाल्कनीतली? बारकीने पोळीसारखं तोंड गोल करून सांगितलं, "आजी, ते झाड हजारोंनी विकतात. कुठलीही नर्सरी." हो. विकतात. तेव्हाही विकत होते.

१२ जुलै

तीनदा पिशवी भरली, तीनदा रिकामी केली. मुलगा म्हणतो, आता कशाला? त्या विसरल्याही असतील. मुलगा बापावर गेला आहे.

१५ जुलै

वन्संकडे जाऊन आले.

गावाच्या त्या टोकाला, बस बदलून. तिसरा मजला, लिफ्ट बंद. पिशवीत कुंडी. दार वाजवलं. बराच वेळ लागला उघडायला.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे?" आवाज ओळखला होता त्यांनी, मला ठाऊक आहे.

"तुमची भावजय."

मग कडी. "ये. उजवीकडे स्टूल आहे, आपटू नकोस." त्या भिंतीला हात लावत मागे सरकल्या. पलंगापासून मोरीपर्यंत भिंतीवर एक दोरी ताणली आहे. मी दोरीला हात लावून बघितला.

"काचबिंदू," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं झाली. उजेड कळतो. तू खिडकीसमोर उभी आहेस एवढं कळतं. जाड झालीस."

"तुम्ही वाळलात."

"हो तर. बस."

खिडकीचा कट्टा मोठा, दक्षिणेचा उजेड, झाडांना सोन्यासारखा. आणि त्यावर एक औषधाची बाटली. मी मूर्खासारखं विचारलं, "झाडं का नाही ठेवली?"

"कटिंग कोण देणार होतं? मंडळातल्या बायका मला बघून रस्ता बदलायच्या. टपाल कचेरीत सुद्धा कोणीतरी येऊन सांगून गेलं, झाडं जपून ठेवा म्हणून." त्या अगदी साध्या आवाजात बोलत होत्या, डाळीचा भाव सांगावा तशा.

मी कुंडी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी कोंब चाचपला, पानाचं टोक, कड, बुड. मग बोट मातीत घातलं, सरळ मुळापर्यंत गेल्या आणि नखाने खरवडलं. मी काही सांगितलं नव्हतं.

"रंग कोणता?"

"नारिंगी."

"आणि पान?"

"हिरवं. नुसतं हिरवं. माझ्याच हातून कुजली, वन्सं. माझ्याच कुंडीत. कोणी हात लावला नव्हता."

मूळ दोन बोटांत धरूनच त्या म्हणाल्या, "बरं झालं. मधे काही वर्षं मलाच वाटायला लागलं होतं की माझ्या नकळत कोणी बदलली असेल. की मीच काही केलं आणि विसरले. सगळे इतके ठाम होते."

मी भलतंच विचारलं. "पाणी किती घालत होतात?"

"तुझी चिठ्ठी होती. रोज एक मगभर. मी तुला फोनवर म्हटलं होतं, जास्त होतंय. तू म्हणालीस, माझं झाड आहे, सांगितलंय तसं करा."

मला हे आठवत नाही. म्हणाले असेन. माझ्यासारखंच वाटतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"मला काय सांगतेस? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

मग चहा केला त्यांनी. हात लावू दिला नाही. दोरी, ओटा, काड्यापेटी, सगळं हाताला पाठ. चहा माझ्यापेक्षा बरा झाला होता, पण ते मी बोलले नाही.

निघताना म्हणाल्या, "गुलाबकाठीचा गुलाबी नक्की कसा होता ग? मी रात्रंदिवस बाकीचे रंग आठवू शकते. लिंबोणीचा येतो, मक्याचा येतो. हा एक नीट येत नाही."

मी म्हटलं, "गुलाबी म्हणजे गुलाबी."

बसमध्ये बसल्यावर दहा उत्तरं सुचली. नखाखालचा गुलाबी. मांजराच्या कानात उजेड जातो तो गुलाबी. बाळाच्या टाचेचा. दहाही उत्तरं घेऊन मी घरी आले.

पाच वर्षं. काचबिंदूच्या आधीची पाच वर्षं त्यांना दिसत होतं. त्या कट्ट्यावर तीस कुंड्या मावल्या असत्या.

२७ जुलै

मंडळाची सभा. वाचनालयाच्या हॉलमध्ये, पंचवीस-तीस माणसं. सेक्रेटरी प्रदर्शनाचे मुद्दे वाचत होते, तंबू, नळ, पार्किंग. 'इतर विषय' आले तशी मी उठले.

पाठ करून गेले होते. सगळं विसरले. म्हटलं, "आठ वर्षांपूर्वी याच जागी उभं राहून मी माझ्या नणंदेला चोर म्हटलं होतं. त्या चोर नव्हत्या. झाड मुळातून हिरवं येतं. हे बघा." आणि कुंडी टेबलावर ठेवली.

कोणीतरी हसलं. गंमत वाटली असेल.

सेक्रेटरी म्हणाले, "अहो बाई, इतकं जुनं आता कशाला उकरायचं? त्यांनीही विसरून—"

"त्यांनी विसरायचं की नाही ते त्या बघतील. तुम्ही सभेच्या इतिवृत्तात लिहा."

"असं इतिवृत्तात लिहिता येत नाही."

"काढलं तेव्हा लिहिता आलं होतं."

मागून एक बाई, नवीन आहे, म्हणाली, "म्हणजे आपण एका बाईला उगाच काढलं? का काढलं?"

"मी सांगितलं म्हणून."

"आणि कोणी तपासलं नाही?"

सगळे आपापल्या चपला बघायला लागले. मीही. पण मला तर चपला बघायचा हक्क नव्हता, म्हणून वर बघितलं.

मग जाड भिंगाच्या चष्मेवाल्या बाई उठल्या. त्यांची जीभ माझ्यासारखीच आहे, म्हणून मला त्या कधी आवडल्या नाहीत. "मग तुम्ही बाकीचं सांगितलेलं तरी खरं कशावरून? माझ्याकडे तुम्ही दिलेली लाल ड्रॅसिना आहे."

"ती कॉर्डिलाइन. घरी जाऊन मूळ खरवडा, पांढरं निघेल."

"चार वर्षं मी पाटी लावून ठेवली आहे!"

"पाटी बदला."

सेक्रेटरींनी लिहिलं शेवटी. दोन ओळी. मी अक्षर अक्षर लावून वाचल्या. 'गैरसमज झाला होता' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, गैरसमज 'झाला' नव्हता, मी केला होता. नाव घाला. घातलं.

पायऱ्या उतरताना कोणी माझ्याशी बोललं नाही. नवीन बाई तेवढी म्हणाली, "सांभाळून, ओली आहे पायरी."

टेबलाचं मी सभेत बोलले नाही. ते कोणी विचारलं नाही. पण इथे लिहिते, कारण कोणी वाचणार नाही. वन्सं त्या टेबलाशी बसायच्या तेव्हा मी मागे उभी राहून पानं पुसून त्यांच्या हातात द्यायचे. लोक त्यांना नमस्कार करायचे, मला म्हणायचे, जरा सरका. ज्या दिवशी मी चोर म्हटलं त्या दिवशी मला हे आठवत होतं का? नसेल. असेलही. माझं मलाच कळत नाही, आणि आता खरवडून बघायला मूळ कुठे आहे.

१८ ऑगस्ट

पुन्हा वन्संकडे. दार उघडलं नाही. आत रेडिओ सुरू होता.

२५ ऑगस्ट

पुन्हा. नाही उघडलं. सभेच्या इतिवृत्ताची नक्कल दाराखालून सरकवली. मग जिन्यात आठवलं की त्या वाचणार कशा. परत वर गेले आणि दाराला तोंड लावून मोठ्याने वाचली. शेजारच्या घरातून एक माणूस बाहेर आला. त्यालाही ऐकवली. बरंच झालं.

रेडिओ बंद झाला होता. दार नाही उघडलं.

९ सप्टेंबर

उघडलं.

"काल शेजारचा विचारत होता, ड्रॅसिना म्हणजे काय असतं," त्या म्हणाल्या. "ये आत. अर्ध्या गल्लीला वाचून दाखवलंस म्हणे."

बारकीला बरोबर नेलं होतं. दोघींनी प्रत्येक कुंडीचं एकेक पान आणलं होतं, ओल्या कापडात. मी नाव न सांगता एक पान त्यांच्या हातात दिलं. अंगठा फिरवला, कड गालावर लावली. "मक्याचं पान." दुसरं. "पांढरपट्टी. पाण्यात क्षार आहेत तुझ्या, टोक जळलंय. पाणी रात्रभर उघडं ठेवून घालत जा." तिसरं बारकीने दिलं. वन्संनी देठ दोनदा चाचपला. "हे ड्रॅसिना नाही. देठ बघ, पान देठाशी कसं आवळलंय. ड्रॅसिना खोडाला बसते, हे देठावर उभं आहे. कोणी सांगितलं ड्रॅसिना?"

बारकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी."

"हं," वन्सं म्हणाल्या. खूश झाल्या असाव्यात. तोंड तरी तसं केलं.

शेवटी उलट शिंतोडीचं पान. त्यांनी खूप वेळ चाचपलं. "शिंतोडी. पण रंग कसा आहे ते बोटांना कळत नाही." बारकीने सांगितलं, अगदी हळू, कुठे साय, कुठे हिरवं, किती ठिपके. मुलगी चांगलं सांगते. मला असं सांगता आलं नसतं. वन्संनी डोळे मिटून घेतले. तसे ते मिटले काय न मिटले काय. पण मिटले.

मग मी म्हटलं, "प्रदर्शनात टेबलाशी बसा. पूर्वीसारखं."

"आंधळी बाई रंग ओळखणार?"

"बारकी रंग सांगेल. जात तुम्ही सांगा."

"आणि तू?"

"मी पानं पुसून देईन."

त्यांनी हो म्हटलं नाही. "तुला काय वाटलं," त्या म्हणाल्या, "पान पुसलं की झालं? आठ वर्षं झाली." मग बारकीला म्हणाल्या, "तू येत जा. हिला आणायचीच असेल तर आण."

११ ऑक्टोबर

उद्या प्रदर्शन. तंबू उभा राहिला. मधल्या जागेत निळ्या कुंडीऐवजी ती मातीची कुंडी ठेवली आहे, कोंब आता वीतभर झाले. पाटी मीच लिहिली, बारकीला हात लावू दिला नाही, त्यामुळे ओळी खाली गेल्या आहेत: 'गुलाबकाठी. खोड गेल्यावर मुळातून हिरवी येते. हे माझ्या नणंदेने आठ वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी मानलं नाही.' सेक्रेटरी म्हणाले, प्रदर्शनात घरगुती गोष्टी नकोत. मी म्हटलं, मग माझ्या सगळ्याच कुंड्या उचलते, तंबू अर्धा मोकळा दिसेल. पाटी राहिली.

चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, टेबलाशी कोण बसणार? खुर्ची उगाच रिकामी नको म्हणून त्या स्वतः बसायला तयार आहेत.

१२ ऑक्टोबर, सकाळ

बारकी वन्संना आणायला गेली आहे. परवा विचारलं तेव्हाही त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, फक्त विचारलं की खुर्चीला हात आहेत का. हात असलेली खुर्ची घरून आणून ठेवली. लोक यायला लागले आहेत. एकजण तर हातात पान घेऊन टेबलासमोर उभाच आहे, आणि सेक्रेटरी माझ्याकडे बघून भुवया उडवताहेत.

म्हणून वहीचं हे पान फाडून टेबलावर ठेवते, सगळ्यांना दिसेल असं.

ज्याने पान आणलं असेल त्याने थांबायचं. कुंडीबद्दल विचारायचं असेल त्यानेही थांबायचं. कितीही वेळ लागला तरी, आणि खुर्ची रिकामी दिसली तरी. उत्तर वन्संच देतील. चष्मेवाल्या बाईंनी नाही, फोनने नाही, सेक्रेटरींनी तर नाहीच. आणि मी काही सांगायला लागले, तर मला गप्प बसवायचं.